कापसाची ट्रॉली या मॉडेलमधून त्या मॉडेलमध्ये : वेगवेगळी सिम्युलेशन पॅकेजेस एकत्र कशी चालवायची

दिवाळी झाली की पांढरकवडा, राळेगाव, वणी, आर्वी, हिंगणघाट या पट्ट्यात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. बाजार समितीत लिलाव होतो, तिथून गाडी जिनिंगला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, जाते आणि जिनिंगच्या गेटवर पुन्हा उभी राहते. कास्तकार थंडीत रात्रभर ट्रॉलीवरच झोपतो. ही रांग कुठे तयार होते आणि कशाने कमी होईल, हे एकट्या बाजार समितीच्या मॉडेलवरून, म्हणजे तिथलं काम संगणकावर चालवून दाखवणाऱ्या सिम्युलेशनवरून, कळत नाही, एकट्या जिनिंगच्या मॉडेलवरूनही कळत नाही. रांग दोघांच्या मधल्या रस्त्यावर असते आणि तो रस्ता कोणाच्याच मॉडेलमध्ये नसतो.

बहुतेक ठिकाणी परिस्थिती अशी असते: बाजार समितीचं मॉडेल कुणा विद्यार्थ्यांच्या गटाने अरेनात केलेलं, जिनिंगवाल्याने नेमलेल्या माणसाने त्याचं काम सिम्युलएटमध्ये केलेलं, आणि गोदाम व ट्रकचं गणित एनीलॉजिकमध्ये (ही तिन्ही सिम्युलेशनची सॉफ्टवेअर पॅकेजेस). तिन्ही आपापल्या जागी चांगली, पण एकमेकांशी बोलत नाहीत. ती बोलती कशी करायची, हे या लेखात क्रमाने सांगतो. उदाहरण कापसाचं घेतलं आहे. तूर, सोयाबीन किंवा संत्र्याच्या मंडीलाही हीच पद्धत लागू पडते.

आधी ठरवा : जोडायची गरज आहे का

तिन्ही मॉडेलं एकाच गटाची असतील आणि एकाच लायसनवर चालत असतील, तर जोडायच्या भानगडीत पडू नका. एका पॅकेजमध्ये पुन्हा बांधा, लवकर होईल. वेग वाढेल या आशेनेही जोडू नका. थांबणं, निरोप देणं, वाट पाहणं यात इतका वेळ जातो की जोडलेली मॉडेलं बहुधा एकसंध मॉडेलपेक्षा हळूच चालतात.

जोडण्याची खरी कारणं दोन. एक, मालक वेगळे असतात. जिनवाला आपल्या मशीनचा वेग, बंद पडण्याच्या वेळा, माणसांचं वेळापत्रक दुसऱ्याच्या हाती देणार नाही, आणि त्याने द्यावं असा आग्रह धरणंही बरोबर नाही. मॉडेलं जोडली की त्याचं मॉडेल त्याच्याच मशीनवर राहतं, बाहेर फक्त गाड्यांचे निरोप जातात. दुसरं कारण म्हणजे देखभाल. जिनिंगमध्ये नवी मशीन बसली की तिथला माणूस आपलं मॉडेल बदलतो, बाकीच्यांना हात लावावा लागत नाही. यातलं एकही कारण तुमच्याकडे नसेल तर इथेच थांबा.

सीमा रस्त्यावर आखा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. सीमा चुकली तर पुढचं कितीही चांगलं प्रोग्रामिंग उपयोगी पडत नाही.

एक मॉडेल संपून दुसरं कुठे सुरू व्हावं? पुष्कळ जण ऑफिस जिथे बदलतं तिथे सीमा आखतात. त्यापेक्षा माल जिथे बराच वेळ प्रवासात असतो तिथे आखा. बाजार समितीच्या गेटपासून जिनिंगच्या गेटपर्यंत ट्रॅक्टरला किमान २५ मिनिटं लागत असतील, तर बाजाराच्या मॉडेलने १०:४२ ला सोडलेली ट्रॉली जिनिंगला ११:०७ च्या आधी दिसूच शकत नाही. म्हणजे बाजार पुढची २५ मिनिटं काय करतोय याची जिनिंगच्या मॉडेलला फिकीर नाही. तेवढा वेळ ते बिनधास्त पुढे जाऊ शकतं. वितरित सिम्युलेशनच्या, म्हणजे अनेक मॉडेलं जोडून चालवण्याच्या, भाषेत याला लुकअहेड म्हणतात, आणि जोडकामाची सगळी सोय यावर उभी आहे.

उलट उदाहरण घ्या. जिनिंग आणि प्रेसिंग (रुई दाबून गाठी बांधणं) एकाच आवारात असतात. रुई पुढे सरकते, प्रेसकडे जागा नसेल तर मागचं त्याच क्षणी थांबतं. इथे सीमा आखली की लुकअहेड शून्य होतो. दोन्ही मॉडेलांना एकेका घटनेला एकमेकांना विचारावं लागतं आणि सगळं मुंगीच्या पावलाने चालतं. जिनिंग आणि प्रेसिंग एकाच मॉडेलमध्ये ठेवा.

पुढचं आवार भरलं की मागच्याने सोडणं थांबवायचं, या प्रश्नाला या क्षेत्रात फार कठीण मानतात, आणि कारखान्याच्या आत तो खरोखर कठीण आहे. पण आपल्याकडे काय होतं ते बघा. जिनिंगचं आवार भरलं हे बाजारातल्या ट्रॅक्टरवाल्याला त्या क्षणी कळतं का? नाही कळत. तो जातो आणि गेटबाहेर रस्त्याच्या कडेला उभा राहतो. म्हणजे खऱ्या जगातच पुढच्याची जागा मागच्याला अडवत नाही. जिनिंगच्या मॉडेलमध्ये गेटबाहेर अमर्याद रांग ठेवली की प्रश्न मिटतो. आणि जिथे मुनीम फोन करून 'आता गाड्या पाठवू नका' असं सांगतो, तिथे फोन होऊन बाजारात सांगेपर्यंत पाच-दहा मिनिटं जातातच. तोही वेळच आहे, म्हणजे लुकअहेड मिळाला. कठीण प्रकार वापरण्याआधी प्रत्यक्ष जागेवर जाऊन बातमी कशी पोहोचते ते विचारा.

सीमेवरून काय काय जातं

व्यावसायिक सिम्युलेशन पॅकेजेस जोडण्याच्या प्रश्नांचे प्रकार सिसो (सिम्युलेशन इंटरऑपरेबिलिटी स्टँडर्ड्स ऑर्गनायझेशन) या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१० च्या एका मानकात लावून दिले आहेत. त्यात चार मुख्य गट आहेत: वस्तू एका मॉडेलमधून दुसऱ्यात जाणं, साधन वाटून घेणं, घटना वाटून घेणं आणि माहिती वाटून घेणं. पहिल्या गटाचे तीन उपप्रकार आहेत: साधी पाठवणी, पुढे मर्यादित जागा असताना पाठवणी, आणि अनेक ठिकाणांहून एकाच वेळी आलेल्यांचा क्रम लावणं.

आपली यादी यात बसवून पाहू. बाजारातून जिनिंगला ट्रॉली आणि जिनिंगमधून गोदामाला गाठींचा ट्रक, ही साधी पाठवणी. जिनिंगच्या गेटवर बाजारातून आलेली आणि गावातून थेट आलेली गाडी एकाच मिनिटाला टेकली, तर कोण आधी? हा क्रमाचा प्रश्न. नियम आधीच लिहून ठेवा: आधी ठिकाणाचा क्रमांक, मग गाडीचा क्रमांक. नियम नसेल तर एकच मॉडेल दोनदा चालवून दोन वेगळी उत्तरं येतील.

एकच ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा माणूस, दोन खरेदी केंद्रं सांभाळत असेल तर ते वाटून घेतलेलं साधन. हे टाळता आलं तर टाळा. टाळता येत नसेल तर ग्रेडरला एका मॉडेलच्या मालकीत द्या आणि दुसऱ्याने त्याला निरोप पाठवून बोलवावं. येण्याजाण्याचा वेळ धरला की लुकअहेड मिळतो.

अवकाळी पाऊस ही वाटून घेतलेली घटना: लिलाव बंद, गंज्यांवर ताडपत्री, ट्रक उभे. यासाठी निरोपाची गरजच नाही. पावसाच्या वेळा आधीच एका फाइलमध्ये काढून ठेवा आणि तिन्ही मॉडेलांना तीच फाइल वाचायला द्या. बाजारबंदीच्या सुट्ट्यांचंही तसंच करा.

एक वाट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे परत जाणारी गाडी. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत हमीभाव ८ टक्के ओलाव्यावर धरतात आणि १२ टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर कापूस घेत नाहीत. नाकारलेली ट्रॉली जिनिंगच्या गेटवरून उलटी निघते. ती कोणाच्या मॉडेलमध्ये जाणार हे ठरवलं नसेल, तर ती सिम्युलेशनमधून गायब होते आणि पुढची सगळी बेरीज चुकते.

कागदावर करार करा

संगणक उघडण्याआधी तिन्ही मॉडेलांच्या माणसांना एका टेबलाशी बसवा आणि प्रत्येक निरोपाचं पान भरा. ट्रॉलीच्या निरोपात किमान हे हवं: गाडी क्रमांक, निघण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, कापूस किती क्विंटल, ओलावा किती टक्के, प्रत कोणती.

प्रत्येक आकड्याचं एकक लिहा. बाजाराचं मॉडेल क्विंटलमध्ये आणि प्रेसिंगचं किलोमध्ये हे अगदी नेहमीचं. वजनाचा मालक कोण, तेही लिहा. काही ठिकाणी काटा बाजारातच होतो, काही ठिकाणी जिनिंगच्या गेटवर. गेटवर होत असेल तर बाजाराने पाठवलेलं वजन अंदाजाचं समजायचं आणि खरं वजन जिनिंगच्या मॉडेलने ठरवायचं. दोन्हीकडे ठरवलं तर एकाच ट्रॉलीची दोन वजनं होतात.

वेळेच्या एककाकडे तर डोळ्यांत तेल घालून बघा. अरेनात मूळ एकक बहुधा तास असतं, ते रन सेटअपमध्ये बदलता येतं. सिम्युलएट सुरुवातीला मिनिटं धरतं, पण त्याचं घड्याळ सकाळी ९ ला सुरू होणाऱ्या आठ तासांच्या दिवसाचं आणि पाच दिवसांच्या आठवड्याचं असतं. मधली रात्र ते मोजतच नाही. आपल्याला तर रात्रीचीच रांग मोजायची आहे. ते घड्याळ २४ तास आणि सात दिवसांचं करा आणि कामाच्या वेळा शिफ्टमधून दाखवा. सगळ्यांसाठी वेळेचा शून्य एकच ठेवा, समजा रविवार संपून सोमवार लागतानाचे रात्रीचे १२, आणि निरोपातली वेळ पूर्ण सेकंदांत लिहा. दशांश तास फिरवत राहिलात तर एका पॅकेजमधलं ११:०९ दुसऱ्यात ११:०८:५९ होऊन बसतं.

प्रत्येक पॅकेजला चार प्रश्न विचारा

एक, बाहेरून सांगितलेल्या वेळेपर्यंत चालून ते थांबतं का? दोन, चालू असताना बाहेरून गाडी, तिच्या सगळ्या गुणांसह, आत घालता येते का? तीन, गाडी बाहेर पडली की ते कळवतं का? चार, आत्ताची वेळ सांगतं का? पुढची घटना केव्हा आहे हेही सांगत असेल तर उत्तमच, पण त्याच्यावाचून काम अडत नाही.

अरेनाला विंडोजच्या कॉम पद्धतीने (एका प्रोग्रामने दुसरा चालवण्याच्या सोयीने) बाहेरून चालवता येतं आणि आत व्हीबीए या भाषेचा ब्लॉक ठेवून प्रत्येक गाडीमागे आपला कोड चालवता येतो. सिम्युलएटही कॉमने चालतं, शिवाय त्याची स्वतःची व्हिज्युअल लॉजिक भाषा आहे. एनीलॉजिक जावा भाषेवर उभं आहे, त्यामुळे सॉकेट, म्हणजे दोन प्रोग्राममधली निरोपांची वाट, उघडून थेट बोलता येतं. फ्लेक्ससिम, विटनेस, सिमिओ यांनाही बाहेरून जोडण्याच्या वाटा आहेत. तुमच्या आवृत्तीत आणि तुमच्या लायसनमध्ये त्या उघड्या आहेत का, ते पहिल्याच दिवशी तपासा. विद्यार्थी आवृत्त्यांवर मर्यादा असतात. अरेनाच्या विद्यार्थी आवृत्तीत एका वेळी १५० च्या वर वस्तू मॉडेलमध्ये राहू शकत नाहीत, आणि हंगामातल्या एका चांगल्या दिवशी एवढ्या गाड्या सहज होतात.

बाहेरून थांबवण्याची सोय नसेल तर उलटी युक्ती करा. मॉडेलच्या आत दर चार मिनिटांनी होणारी एक खोटी घटना ठेवा. ती घटना बाहेरच्या कार्यक्रमाला (प्रोग्रामला) 'पुढे जाऊ का?' असं विचारते आणि उत्तर येईपर्यंत मॉडेलला रोखून धरते. अशा वेळी पॅकेजची खिडकी अडकल्यासारखी दिसते. घाबरून ती बंद करू नका, ती वाट पाहत असते.

वेळेची साखळी, मिनिटामिनिटाने

समजा निरोप चार प्रकारचे आहेत. बाजार ते जिनिंग ट्रॉली, किमान २५ मिनिटं. जिनिंग ते गोदाम ट्रक, किमान ४०. गोदामातून परतणारा रिकामा ट्रक, किमान ४०. आणि 'आवार भरलं' हा जिनिंगचा बाजाराला फोन, किमान ५. सर्वांत लहान आकडा ५, म्हणून तिन्ही मॉडेलं ५ पेक्षा थोड्या कमी, म्हणजे ४ मिनिटांच्या टप्प्यांनी चालवायची.

बरोबर ५ का नको? 'अमुक वेळेपर्यंत चाल' म्हटल्यावर नेमक्या त्या क्षणाच्या घटना पॅकेज करून मोकळं होतं की पुढच्या टप्प्यावर ठेवतं, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. टप्पा लुकअहेडपेक्षा लहान ठेवला की काठावरचा हा वाद उरत नाही.

आता एक टप्पा बघू. घड्याळात १०:४०. तिन्ही मॉडेलांना १०:४४ पर्यंत चालायची परवानगी मिळाली. बाजारात १०:४२ ला ट्रॉली ब-१३७ गेटबाहेर पडली, २८ क्विंटल, ओलावा ९ टक्के. रस्त्याला किती वेळ लागणार हे पाठवणाऱ्यानेच निघताना काढायचं; ते निघालं २७ मिनिटं. ट्रॉली बाजाराच्या मॉडेलमधून काढून टाकली गेली आणि निरोप तयार झाला: ब-१३७ जिनिंगला ११:०९ ला. इकडे १०:४३ ला जिनिंगचं आवार भरलं, मुनिमाने फोन लावला, तो बाजाराला १०:४८ ला मिळणार. १०:४४ ला तिन्ही थांबली. मधल्या समन्वयकाने, म्हणजे तिघांना चालवणाऱ्या-थांबवणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, दोन्ही निरोप उचलून ज्याचे त्याला दिले. जिनिंगचं घड्याळ १०:४४ ला आहे, ११:०९ अजून २५ मिनिटं दूर, म्हणून ट्रॉलीचं आगमन शांतपणे पुढच्या यादीत लागलं. १०:४६ ला बाजारातून आणखी एक ट्रॉली निघाली, कारण फोन अजून पोहोचला नव्हता. ती जिनिंगच्या गेटबाहेर उभी राहणार. प्रत्यक्षातही हेच होतं.

बाजाराचा १२ तासांचा दिवस म्हणजे ७२० मिनिटं, म्हणजे १८० टप्पे. कुठलंही मॉडेल भूतकाळातला निरोप घेत नाही, कारण पाठवणाऱ्याने किमान वेळेचा शब्द दिलेला असतो. हा शब्द मोडायची एक छुपी जागा आहे. रस्त्याची वेळ घातांकी किंवा नॉर्मल वितरणातून काढलीत तर कधीतरी तीन मिनिटं किंवा उणे मिनिटंही निघतील. खालची हद्द पक्की असलेलं वितरण घ्या. त्रिकोणी, किमान २५, बहुधा ३२, कमाल ५५ असं काहीतरी. हे आकडे रस्त्यावर घड्याळ घेऊन मोजा. बाजाराच्या गेटवर आणि जिनिंगच्या गेटवर एकेक माणूस बसवून गाडी क्रमांक आणि वेळ लिहिली की पुरे. काटापट्टीवर वेळ असते, पण ती काट्याची असते, गेटवर टेकल्याची नसते. मधली रांग त्यात दिसत नाही.

समन्वयक आणि दुभाषे

प्रत्येक पॅकेजला एक छोटा दुभाष्या कार्यक्रम लिहा. त्याची एक बाजू पॅकेजशी त्याच्या पद्धतीने बोलते, दुसरी बाजू सॉकेटवरून ठरलेल्या साच्यात. अरेना आणि सिम्युलएटसाठी पायथन आणि कॉमची लायब्ररी पुरते, एनीलॉजिकसाठी जावाचा एक वर्ग. मधला समन्वयक पन्नास-साठ ओळींत बसतो. त्याचं काम इतकंच: सगळे तयार आहेत का पाहा, सगळ्यांना पुढची वेळ सांगा, सगळे थांबेपर्यंत वाट बघा, आलेले निरोप वेळेप्रमाणे, मग ठिकाणाप्रमाणे, मग गाडी क्रमांकाप्रमाणे लावा, ज्याचे त्याला द्या, पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक निरोप एका फाइलमध्ये लिहून ठेवा. चूक शोधायला ही फाइलच उपयोगी पडते.

शेवटही आधी ठरवा. एक मॉडेल आपल्या वेळेला संपलं आणि निघून गेलं, तर बाकीची दोन त्याची वाट पाहत अनंतकाळ उभी राहतात. सगळ्या मॉडेलांतला स्वतःचा शेवट काढून टाका आणि थांबवण्याचा हक्क समन्वयकाकडे ठेवा. पॅकेजमधल्या सूचनापेट्याही बंद करा. 'रन संपला, निकाल दाखवू का?' अशी एक पेटी उघडली आणि ठीकवर क्लिक करायला कोणी नसलं, तर रात्रभराचं काम तिथेच अडून बसतं.

एचएलए केव्हा घ्यावं

या कामाचं जगभर मान्य मानक म्हणजे हाय लेव्हल आर्किटेक्चर, एचएलए. ते अमेरिकेच्या संरक्षण खात्यात तयार झालं, २००० मध्ये आयईईई १५१६ म्हणून आलं आणि २०१० मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. त्यात प्रत्येक मॉडेलला फेडरेट म्हणतात, सगळ्यांच्या गटाला फेडरेशन, आणि मधल्या सॉफ्टवेअरला आरटीआय. निरोपांचा करार एफओएम नावाच्या फाइलमध्ये एक्सएमएलमध्ये लिहितात.

दोन-तीन मॉडेलं आणि एकच तालुका असेल तर आधी स्वतःचा समन्वयक लिहा, असं माझं स्पष्ट मत आहे. वेळेचा हिशोब हाताने लिहिला की डोक्यात पक्का बसतो. मग मॉडेलं वाढली, बाहेरच्या संस्था आल्या, की एचएलएकडे वळा. तेव्हा तुमचा कागदी करारच एफओएम होतो आणि दुभाष्यांची एकच बाजू बदलावी लागते.

वळताना काही गोष्टी ध्यानात ठेवा. वेगवेगळ्या कंपन्यांचे आरटीआय आपसांत बोलत नाहीत. एचएलए फक्त फेडरेट आणि आरटीआय यांच्यातला व्यवहार ठरवतं, आरटीआयच्या आतला नाही. म्हणून सगळ्यांनी एकच आरटीआय वापरायचा. पोर्टिको आणि सर्टी हे मुक्त आहेत, पिच आणि माक यांचे विकतचे आहेत. ट्रॉलीसाठी इंटरॅक्शन, म्हणजे एकदाच पाठवायचा निरोप, वापरा. वस्तू नोंदवून तिची मालकी हस्तांतरित करण्याची सोय एचएलएत आहे, पण एकदा निघून पोहोचणाऱ्या ट्रॉलीसाठी ती उगाच जड पडते. प्रत्येक फेडरेटने वेळेचं नियमन करणारा आणि वेळेने बांधलेला, अशा दोन्ही भूमिका घ्यायच्या, नाहीतर निरोप वेळेच्या क्रमाने मिळणार नाहीत. २०१० च्या मानकात वेळेचे दोन तयार प्रकार आहेत, पूर्णांक आणि दशांश. पूर्णांक घ्या आणि त्यात सेकंद भरा. सुरुवातीला सिंक्रोनायझेशन पॉइंट, म्हणजे सगळ्यांनी येऊन थांबायची जागा, ठेवा, म्हणजे तिसरं मॉडेल उघडायच्या आत पहिलं पळत सुटणार नाही.

गंजीतल्या कापसाचा ओलावा किंवा मोटारींचा वीजभार असं सतत बदलणारं गणित जोडायचं असेल, तर त्यासाठी एफएमआय (फंक्शनल मॉक-अप इंटरफेस) हे वेगळं मानक आहे. गाड्यांच्या ये-जा साठी ते सोयीचं नाही.

तपासणीशिवाय एकही आकडा बाहेर देऊ नका

पहिली तपासणी बेरजेची. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी: बाजारातून निघालेल्या ट्रॉल्या बरोबर जिनिंगला पोहोचलेल्या अधिक रस्त्यावरच्या. वजनाचंही तसंच. १०० किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई धरली आणि गाठ १७० किलोची, तर एका गाठीला ५ क्विंटल कापूस लागतो. २८ क्विंटलच्या १०० ट्रॉल्या म्हणजे २८०० क्विंटल, म्हणजे ५६० गाठी. गोदामात ५६० च्या आसपास आल्या नाहीत आणि आवारात तेवढा कापूसही शिल्लक नाही, तर निरोप कुठेतरी गळतोय किंवा एककात घोळ आहे. सरकी आणि घट यांची वाटही हिशोबात धरा.

दुसरी तपासणी मला सर्वांत जास्त भरवशाची वाटते. टप्पा ४ मिनिटांचा ठेवून चालवा, मग २ चा, मग १ चा. बियाणं, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची सुरुवात, तेच ठेवा. निकाल तंतोतंत तोच यायला हवा. फरक पडला तर कोणीतरी लुकअहेडचा शब्द मोडतोय, किंवा एकाच वेळेच्या घटनांचा क्रम ठरलेला नाही. निरोपांच्या दोन फाइली शेजारी ठेवा आणि पहिली वेगळी ओळ शोधा. चूक तिथे किंवा तिच्या जरा आधी सापडते.

तिसरी तपासणी म्हणजे तिन्ही मॉडेलांची अगदी साधी, यादृच्छिकता काढलेली रूपं एकाच पॅकेजमध्ये बांधायची आणि जोडलेल्या रूपाशी ताडून पाहायची. दर दहा मिनिटांना एक ट्रॉली, रस्त्याला ठाम ३० मिनिटं, अशी. हे कंटाळवाणं काम आहे, पण बाजार समितीच्या बैठकीत कोणी 'हे खरं कशावरून?' असं विचारलं तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी असतं.

लाईन, नेटवर्क आणि लांब रन

सुरुवात एकाच संगणकावर करा, तिन्ही पॅकेजं तिथेच. मग एका साध्या स्विचला तारेने जोडलेल्या दोन-तीन संगणकांवर न्या. मोबाइलच्या इंटरनेटवर १८० टप्प्यांचा दिवस चालवता येतो, पण अनेक दिवसांचे अनेक रन चालवायचे झाले तर प्रत्येक निरोपाचा विलंब साचत जातो. पोर्टिको एकमेकांना शोधायला मल्टिकास्ट (एकच निरोप नेटवर्कवर अनेकांना पाठवण्याची पद्धत) वापरतं, आणि पुष्कळ कॉलेजांच्या वायफायवर ते अडवलेलं असतं. फेडरेट एकमेकांना दिसत नसतील तर आधी विंडोजचं फायरवॉल बघा, मग लॅपटॉपमध्ये वायफाय आणि तार दोन्ही चालू आहेत का ते बघा. आरटीआय चुकीच्या वाटेवर ऐकत बसलेलं असतं.

गावात लाईन केव्हा जाईल सांगता येत नाही. रनच्या मधूनच तिन्ही पॅकेजांची स्थिती जपून ठेवणं जवळजवळ अशक्य आहे, कारण तिघांचं साठवण्याचं तंत्र वेगळं. म्हणून महिनाभराचा एकच लांब रन करण्याऐवजी छोटे, स्वतंत्र रन करा आणि प्रत्येक रन संपताच निकाल डिस्कवर लिहा. लाईन गेली तर एकच रन वाया जातो. ॲनिमेशन बंद ठेवा. ते दाखवण्यासाठी आहे, मोजण्यासाठी नाही. प्रत्येक रनला तिन्ही मॉडेलांनी बियाण्याचा क्रमांक समन्वयकाकडून घ्यावा, म्हणजे कोणताही रन पुन्हा जसाच्या तसा काढता येतो.

पहिला प्रयोग

सगळं जुळलं की एकच प्रश्न घ्या: बाजारातून गाड्या एकदम न सोडता तासावारी टोकन देऊन सोडल्या, तर जिनिंगच्या गेटवरची रांग किती कमी होते? आधी आजची पद्धत, वेगवेगळ्या बियाण्यांनी किमान तीस रन. मग त्याच बियाण्यांनी टोकनची पद्धत, म्हणजे तुलना त्याच दिवसांची, त्याच गाड्यांची होते. टोकनचा नियम फक्त बाजाराच्या मॉडेलमध्ये बदलतो. जिनिंग आणि गोदामाच्या मॉडेलांना कोणी हात लावत नाही, आणि जिनवाल्यालाही ते पटवून द्यायला सोपं जातं.

बैठकीत नेताना एकच पान न्या. सकाळी ८ पासून रात्री १२ पर्यंत दर तासाला गेटबाहेर किती ट्रॉल्या उभ्या, आजच्या पद्धतीत आणि टोकनच्या. खाली दोनच ओळी: निम्म्या कास्तकारांना किती वेळापर्यंत थांबावं लागलं, आणि दहातल्या नऊ जणांना किती वेळापर्यंत. सरासरी देऊ नका. सकाळी पटकन मोकळ्या झालेल्या गाड्या तिला खाली ओढतात, आणि रात्री गेटबाहेर अडकलेला कास्तकार तिच्यात दिसत नाही. कागद छापण्याआधी तो जिनिंगच्या मुनिमाला आणि बाजाराच्या गेटवर गाड्या नोंदवणाऱ्याला दाखवा. संध्याकाळी पाचची संख्या पाहून त्यांनी मान डोलावली नाही, तर बैठक पुढे ढकला आणि पुन्हा गेटवर जाऊन गाड्या मोजा.